ओढ्यावरचा ट्राउट

श्रोतेहो, नमस्कार.

गळ टाकून बसणे हा निवांत माणसाचा उद्योग समजला जातो. डोंगरातल्या लहानशा ओढ्यावर ट्राउट मासा धरू पाहणाऱ्याला मात्र बसायला सवड मिळत नाही. तो वाकून, प्रसंगी रांगत, प्रवाहाच्या उलट दिशेने वर सरकत असतो.

त्याच्या या मासेमारीच्या पद्धतीत, म्हणजे फ्लाय फिशिंगमध्ये, गळाला गांडूळ लावत नाहीत. पिसे, लोकर आणि दोरा गुंडाळून बारीक गळावर किड्याची नक्कल बांधतात, तीच 'फ्लाय'. मॅसिडोनियातले लोक लाल लोकर आणि पिसे बांधून मासे धरीत, असे एलियन या लेखकाने सुमारे 1800 वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. या नकलेला वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे फेकली जाते ती जाड दोरी, आणि फ्लाय तिच्यामागून ओढली जाते. मोठ्या नदीवर ही फेक देखणी दिसते, पण ओढ्यावर पाठीमागे झुडूप आणि डोक्यावर फांदी असल्याने ती बहुधा फांदीतच अडकते. अशा ठिकाणी सहा-सात फुटांची काठी पुरते; पुष्कळदा तर फ्लाय चिमटीत धरून काठी धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडून द्यायची, एवढेच करावे लागते.

खरी कसोटी फेकीपूर्वीच लागते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून स्थिर राहतो आणि वाहत येणारे खाद्य टिपतो, म्हणून त्याच्याकडे मागून जावे. प्रकाश पाण्यात शिरताना वाकत असल्यामुळे बाहेरचे सारे जग त्याला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. ही खिडकी तो जितका खोल असेल त्याच्या सव्वादोन पट रुंद असते. तिच्या कडेला दिसणारे मात्र चेपलेले आणि अंधुक असते. वाकून चालणारा माणूस त्या कडेतच राहतो. पावलाचा धक्का मात्र माशाला अंगावरच्या संवेदनरेषेने कळतो, तेव्हा दगड खडखडवत गेलात तर डोह रिकामाच समजा.

आता एक डोह डोळ्यांसमोर आणा. वरून खळाळत येणारे पाणी एका शिळेला वळसा घालते, आणि वेगवान धार व संथ पाणी यांच्या सीमेवर फेसाची एक रेघ वाहत असते. खाद्य त्याच रेघेतून येते आणि मासा तिच्याच कडेला, कमी श्रमाच्या जागी उभा असतो. फ्लाय रेघेच्या डोक्याशी हलकेच उतरते, पण दोरी जर मधल्या धारेवर पडली तर ती पुढे ओढली जाते आणि तिच्यामागे फ्लाय पाण्यावर बारीकशी रेषा ओढू लागते. खरा किडा असा पळत नाही. मासा वर येतो, नाक लावण्याइतका जवळ येतो आणि वळून जातो. माझे बहुतेक मासे असेच गेले आहेत. यावर उपाय म्हणजे आणखी दोन पावले जवळ जाऊन काठी उंच धरावी आणि दोरी धारेला टेकूच देऊ नये.

मासा लागलाच, तर हात ओले करूनच त्याला धरावे, कारण कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघून येतो. टोकाशी उलटा काटा नसलेला गळ पाण्यातच सुटतो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. पाण्याचे तापमान 20 अंशांच्या आसपास गेले की सोडलेला मासाही दगावू शकतो, म्हणून अशा दुपारी काठी गुंडाळून ठेवावी. एरवी त्याचे तोंड प्रवाहाकडे करून तळहातावर नुसता आधार द्यावा. कल्ले नीट हलू लागले की तो आपणहून शिळेखाली निघून जातो.