दोन हजार कोटी घातले तरी कंजूषच

नमस्कार मंडळी. आज फुटबॉलबद्दल बोलायचंय, पण गोल कोणी मारला, पेनल्टी होती का नव्हती, ते नाही, आज खिशाबद्दल बोलू, म्हणजे टीमच्या मालकाच्या खिशाबद्दल. तुम्ही कुठल्याही टीमचे फॅन असा, मालकाबद्दल तक्रार दोनपैकी एक असतेच, एक तर तो पैसे काढत नाही, नाहीतर नको तिथे उधळतो. पण एक मालक असा आहे की लोक त्याच्यावर दोन्ही आरोप एकाच दमात करतात, आणि हा मालक आपल्या पुण्याचा आहे.

टीमचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. ब्लॅकबर्न म्हणजे इंग्लंडच्या लँकेशायरमधलं गिरण्यांचं गाव, आपला त्याचा संबंध तसा जुनाच, एके काळी हिंदुस्थानात नेसली जाणारी धोतरं तिथल्या मागांवर विणली जायची, आणि 1931 मध्ये गांधीजी इंग्लंडला गेले तेव्हा आपल्या बहिष्कारामुळे ज्यांचं काम गेलं होतं त्या कामगारांना भेटायला शेजारच्या डार्वेनला मुद्दाम जाऊन आले. तर अशा गावातला हा क्लब, 1875 चा, आणि 1888 मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या बारा क्लबांपैकी एक. गाव मोठं नाही, लाख-सव्वा लाख वस्ती, आणि अर्ध्या-पाऊण तासावर मँचेस्टर आणि लिव्हरपूल जरा पुढे, म्हणजे पोरांनी तिथल्या मोठ्या टीमची लाल जर्सी मागू नये म्हणून आईबापांना धडपडावं लागतं असं ठिकाण.

या गावाला आधी एक भन्नाट मालक मिळाला होता, जॅक वॉकर. गावचाच माणूस, पोलादाच्या धंद्यात गडगंज झाला, धंदा ब्रिटिश स्टीलला विकला आणि 1991 मध्ये लहानपणापासून जिच्यावर जीव टाकला ती टीम ताब्यात घेतली. केनी डॅलग्लिशला मॅनेजर, म्हणजे टीमचा मुख्य कोच म्हणून आणलं, 1992 मध्ये गोल मारणाऱ्या ॲलन शिअररला तेव्हाची ब्रिटिश रेकॉर्ड रक्कम मोजून आणलं, 1994 मध्ये क्रिस सटनला 50 लाख पाउंडांना. आणि 14 मे 1995, सीझनची शेवटची मॅच, ब्लॅकबर्न लिव्हरपूलमध्ये 2-1 ने हरतंय, सगळ्यांचे कान रेडिओला, आणि तिकडे वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला 1-1 वर अडकवलेलं, संपलं, 89 विरुद्ध 88 पॉइंट, ब्लॅकबर्न प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगचं, चॅम्पियन. हरून चॅम्पियन!

आता याला कोणी काटकसर म्हणणार नाही. वॉकरने सरळ पैसा ओतला. पण कोणाला आणायचं, कोणाचं ऐकायचं हे त्याला कळत होतं, आणि तो तिथेच असायचा. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1996 मध्ये, शिअरर दीड कोटी पाउंडांना न्यूकॅसलला गेला, 1999 मध्ये टीम खालच्या डिव्हिजनमध्ये घसरली, 2000 मध्ये वॉकर वारला, 2001 मध्ये टीम परत वर आली, आणि नंतरची काही वर्षं त्याच्या ट्रस्टने बेताबेताने चालवली. पण ट्रस्टला किती दिवस फुटबॉल पोसायचा? शेवटी विकायला काढलं.

इथे पुणेकर आले. नोव्हेंबर 2010, व्यंकीजने क्लब घेतला 2 कोटी 30 लाख पाउंडांना, तेव्हाच्या भावाने साधारण 160-165 कोटी रुपये, वर क्लबच्या डोक्यावरचं कर्ज वेगळं. व्यंकीज म्हणजे वेंकटेश्वरा हॅचरीज, डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये उभी केलेली कंपनी, आपल्याकडे अंडी आणि चिकन हा एवढा मोठा धंदा झाला त्यात या माणसाचा वाटा फार मोठा. आणि क्लब घेतला तो त्यांच्या मुलांनी, अनुराधा देसाई, व्यंकटेश राव आणि बालाजी राव. पोल्ट्रीतले लोक म्हणजे हिशोबाला पक्के, तिथे एक आकडा असतो, एफसीआर म्हणतात, किती किलो दाणा घातला आणि पक्ष्याचं किती किलो वजन आलं, त्यात थोडा जरी फरक पडला तरी शेड तोट्यात जाते. मला तेव्हा खरंच वाटलेलं की अशा घरातले लोक फुटबॉलला जरा वळण लावतील. पण दाण्याचा हिशोब त्यांनी बहुतेक पुण्यातच ठेवला.

घेतल्यावर महिन्याभरात मॅनेजर सॅम अलार्डाइसला काढला. टीम तेव्हा तेराव्या नंबरवर, म्हणजे ब्लॅकबर्नच्या मानाने बरीच म्हणायची. त्याच्या जागी कोण, तर स्टीव्ह कीन, ज्याने त्याआधी कुठली टीम मॅनेजर म्हणून सांभाळलेलीच नव्हती. पेपरात रोनाल्डिन्हो आणि बेकहॅमसारखे स्टार येणार म्हणून नावं यायला लागली, प्लेअर चिकन खातायत अशी टीव्हीवरची जाहिरात निघाली, आणि 2011 मध्ये क्लबने घडवलेला फिल जोन्स मँचेस्टर युनायटेडला गेला. मे 2012 मध्ये विगनकडून घरच्या मैदानावर हरून प्रीमियर लीगमधून बाहेर. त्या मॅचमध्ये कोणीतरी क्लबचं कापड गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली, तो फोटो जगभर गेला. बिचाऱ्या कोंबडीचा काय दोष म्हणा.

खाली गेल्यावर काय केलं ते ऐका. आधी जॉर्डन ऱ्होड्सला 80 लाख पाउंडांना घेतला, तो गोल मारायचा, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मॅनेजर? कीन गेला, हेनिंग बर्ग आला, 57 दिवसांत त्याला काढला. बर्गच्या काँट्रॅक्टप्रमाणे उरलेले पैसे द्यायचे होते, तर क्लबने कोर्टात सांगितलं की आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरला असं काँट्रॅक्ट द्यायचा अधिकारच नव्हता! आपल्याच साहेबाची सही आपणच नाकारायची. कोर्टाने ऐकलं नाही, साडेबावीस लाख पाउंड भरायला लावले. त्यानंतर मायकल ॲपलटन, तो 67 दिवस टिकला. मला कोणी विचारलं की मालकाची चूक नक्की कुठे झाली तर मी रोनाल्डिन्होचं नाव घेणार नाही, मी ही बर्गची केस दाखवेन, कारण तिथे क्लब मालक चालवतोय, मॅनेजिंग डायरेक्टर चालवतोय का कोणीच चालवत नाही हेच कळत नव्हतं, आणि तशा ठिकाणी खर्च करा नाहीतर बचत करा, दोन्हीत पैसा जातो.

पण मंडळी, आता दुसरी बाजू, आणि ही बाजू इंग्लंडमधला चिडलेला फॅन पण रागाच्या भरात विसरतो. व्यंकीजने पैसे द्यायचे थांबवले नाहीत. 2017 मध्ये टीम तिसऱ्या डिव्हिजनला गेली, प्रीमियर लीग जिंकलेली टीम इतकी खाली जायची ही पहिलीच वेळ, तरी बिलं भरली, पुढच्याच वर्षी टीम परत वर आली. पोरांची ॲकॅडमी पहिल्या दर्जाची ठेवली, तिलाच दरवर्षी मोठा खर्च लागतो. सगळं धरून मालकांचे 20 कोटी पाउंडांच्या वर पैसे गेलेत असं म्हणतात, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार कोटी रुपये. विचार करा, दोन हजार कोटी घालून लोक तुम्हाला कंजूष म्हणतात.

कंजूष का म्हणतात, तर इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनचं, चॅम्पियनशिपचं, गणितच वेडं आहे. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या नंबरच्या टीमला पण टीव्हीचे 10 कोटी पाउंडांच्या आसपास मिळतात, आणि एक पायरी खाली त्याचा छोटासा तुकडा. मग प्रत्येक मालकाला वाटतं की या वर्षी जरा ताणून खर्च करू, वर गेलो की सगळं वसूल, आणि चोवीस टीममधून वर जाणार तीनच. त्यामुळे सगळ्या डिव्हिजनचे पगार मिळकतीच्या 100 टक्क्यांवर गेलेली वर्षं आहेत, म्हणजे तिकीट, टीव्ही, जर्सी, सगळं मिळून आलेला पैसा नुसत्या पगारात जातो आणि लाइट बिल मालकाच्या खिशातून. लीगचा नियम आहे की तीन वर्षांत 3 कोटी 90 लाख पाउंडांपर्यंतच तोटा चालेल. म्हणजे मालकाने म्हटलं अजून देतो, तरी एका रेषेपुढे देता येत नाही. अशा वेळी जिंकायचा एकच मार्ग उरतो, प्लेअर स्वस्तात घ्या किंवा घडवा आणि वेळेवर, नीट भावाला विका.

आणि नेमकं तिथेच ब्लॅकबर्न झोपलं. 2022 मध्ये लेनिहान, रॉथवेल आणि न्यांबे, तिघे चांगले प्लेअर काँट्रॅक्ट संपलं म्हणून फुकट गेले. ब्रेरेटन डियाझ, ज्याने 2021-22 मध्ये लीगमध्ये 22 गोल मारले, त्याला तेव्हा विकला नाही, ठीक आहे, वर जायची आशा होती, पण काँट्रॅक्टही वाढवून घेता आलं नाही आणि 2023 मध्ये तो पण एक पाउंड न देता स्पेनला व्हियारेआलला गेला. कोट्यवधी पाउंडांचा माल दारातून चालत गेला. त्यापेक्षा दोन जणांचा पगार थोडा वाढवला असता तर? पगार वाढवला नाही ही बचत कागदावर दिसते, फुकट गेलेला प्लेअर कागदावर दिसतच नाही, म्हणून हिशोबनिसाला बरं वाटतं.

अजून एक. जानेवारी 2023, ट्रान्सफरची शेवटची रात्र, नॉटिंगहॅम फॉरेस्टचा लुईस ओब्रायन येणार होता, कागद वेळेत पोचले नाहीत, लीगने नाकारलं. त्या सीझनमध्ये ब्लॅकबर्न आणि संडरलंड दोघांचे 69 पॉइंट, गोल डिफरन्सवर, म्हणजे मारलेले वजा खाल्लेले गोल बघून, संडरलंड वर जायच्या शेवटच्या जागेसाठीच्या प्लेऑफमध्ये आणि ब्लॅकबर्न सातवं. एक पॉइंट, फक्त एक! आता ओब्रायन आला असता तर तो पॉइंट मिळालाच असता असं मी म्हणणार नाही, पण वर्षभराने जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतून डंकन मॅग्वायरला आणताना पुन्हा कागदातच घोळ झाला, ते पण रद्द, आणि त्या वर्षी टीम एकोणिसावी, शेवटच्या दिवशी लेस्टरला हरवलं म्हणून परत तिसऱ्या डिव्हिजनला जाण्यापासून वाचली. फॉर्म नीट भरायला किती पैसे लागतात हो?

तेवढ्यात पुण्याहून जाणाऱ्या पैशालाच अडचण आली. इथे ईडीची चौकशी चालू झाल्यामुळे इंग्लंडला पैसे पाठवायला दिल्ली हायकोर्टाची परवानगी घ्यावी लागायला लागली, वर बँक गॅरंटी. चौकशी म्हणजे दोष सिद्ध झाला असं नाही, हे स्पष्ट सांगतो, पण परिणाम बघा, लँकेशायरमधल्या राइट बॅकचा पगार दिल्लीतल्या तारखेवर. त्याच काळात, फेब्रुवारी 2024 मध्ये, ॲडम वॉर्टन विकला क्रिस्टल पॅलेसला, 1 कोटी 80 लाख पाउंड आणि वर काही अटींचे. पोरगा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, क्लबच्या ॲकॅडमीत वाढलेला, आणि काही महिन्यांत युरो कपसाठीच्या इंग्लंडच्या टीममध्ये. मग त्या सीझनमध्ये लीगचे सगळ्यात जास्त, 27 गोल मारणारा सॅमी झ्मोडिक्स, तो इप्सविचला. विकायला हरकत नाही, ॲकॅडमी पोसली ती त्यासाठीच, पण विकून आलेला पैसा परत मैदानात येताना दिसला नाही ही फॅनची तक्रार, आणि ती मला पटते.

आता ब्रायटन बघा. मालक टोनी ब्लूम, बेटिंगच्या धंद्यातला, आकड्यांवर जगणारा माणूस, 2009 पासून क्लब त्याच्याकडे. इक्वाडोरहून मोईसेस कायसेडोला 45 लाख पाउंडांच्या आसपास आणला आणि 2023 मध्ये चेल्सीला 10 कोटींना विकला, अटी धरून 11 कोटी 50 लाख. आणि त्याच्या आधीच, जून 2023 ला संपलेल्या वर्षात, क्लबचा नफा 12 कोटी पाउंडांच्या वर. लोक म्हणतात बघा, काटकसर असावी तर अशी. पण याला काटकसर म्हणायचं? ब्लूमने क्लबला बिनव्याजी दिलेलं कर्ज 35 कोटी पाउंडांच्या वर होतं, म्हणजे व्यंकीजपेक्षा जास्त पैसे घातलेत त्याने! फरक एवढाच की त्याने आधी स्टेडियम, ट्रेनिंग ग्राउंड आणि प्लेअर शोधणारी माणसं यावर घातले आणि मग प्लेअर वेळेवर, नीट भावाला विकले. शिवाय तो लहानपणापासून त्याच टीमचा फॅन.

मग व्यंकीजने विकून टाकावं ना, असं तुम्ही म्हणाल. ईवुड पार्कवर, म्हणजे ब्लॅकबर्नच्या मैदानावर, पण हेच बॅनर लागतात. पण तिथून अर्ध्या तासावर बरी नावाचं गाव आहे, त्यांचा क्लब 1885 चा, दोन वेळा एफए कप, म्हणजे इंग्लंडचा सगळ्यात जुना कप, जिंकलेला, डिसेंबर 2018 मध्ये एका नव्या मालकाने तो एका पाउंडाला घेतला, एका पाउंडाला, आणि ऑगस्ट 2019 मध्ये लीगने क्लबलाच बाहेर काढलं कारण पैसे आहेत हे दाखवताच आलं नाही. त्याच वर्षी इंडियन सुपर लीगमधली आपली एफसी पुणे सिटी पण बंद पडली, तिच्या जागी हैदराबादची टीम आली. त्यामुळे ब्लॅकबर्नचा फॅन अडकलाय, शिव्या घालतो आणि पगाराची तारीख पण मोजतो.

मला विचाराल तर मालकांनी अजून पैसे घालू नयेत, आहेत तेवढेच ठेवावेत. तिथे इंग्लंडमध्ये एक जाणता माणूस बसवावा, ज्याची सही कोर्टात नाकारावी लागणार नाही, काँट्रॅक्ट संपायच्या दोन वर्षं आधी प्लेअरशी बोलायचं नाहीतर विकायचं हा नियम त्याच्या हातात द्यावा. आणि स्वतः वर्षातून आठ-दहा मॅचना ईवुडला जाऊन बसावं, वर्षानुवर्षं तिथे ते दिसलेले नाहीत. शिव्या पडतील, पहिल्या दोन-तीन मॅचना तर फारच पडतील. पण मालकाला तिकीट तरी काढावं लागत नाही.