अर्ध्या किलोचा केक आणि त्याचा हिशेब

नमस्कार श्रोतेहो.

घरच्या घरी क्रीम केक करून, सजवून विकायचे ठरवणाऱ्यांसाठी आजचं हे बोलणं आहे. कागद-पेन जवळ असेल तर बरं, कारण मापं सांगणार आहोत.

पैठणी केक, दोन मजली केक, फॉन्डंटच्या म्हणजे साखरेच्या लवचिक कणकेच्या बाहुल्या हे सगळं बघून या व्यवसायाची हौस वाटते. पण आपल्याकडची रोजची ऑर्डर असते ती अर्ध्या किलोची, बिनअंड्याची, संध्याकाळी सहाला हवी असलेली. तेव्हा सुरुवातीला हा एकच केक हातात बसवा. दहा केले तर दहाही दिसायला आणि वजनाला सारखे उतरले पाहिजेत. तोवर ऑर्डर घेऊ नका, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना खाऊ घाला.

अर्ध्या किलोच्या केकच्या स्पंजसाठी, म्हणजे आतल्या मऊ भागासाठी, १०० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम ताजं दही, ७५ ग्रॅम पिठीसाखर, ५० मिली बिनवासाचं तेल, पाऊण छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा सोडा आणि थोडा व्हॅनिला इसेन्स घ्या. वाटी-चमच्याचा अंदाज नको, डिजिटल वजनकाटा घ्याच. ओटीजी, म्हणजे केक भाजायचा छोटा विजेचा ओव्हन, १७० अंशांवर दहा मिनिटं आधी तापवा. दही, साखर, तेल एकजीव करा, मैदा, पावडर आणि सोडा दोनदा चाळून त्यात हलक्या हाताने मिसळा आणि ६ इंची टिनमध्ये लगेच ओतून लगेच आत ठेवा. दह्याला सोडा लागला की बुडबुडे सुटायला लागतात. मिश्रण पंधरा मिनिटं ओट्यावर राहिलं तर ती फूग तिथेच संपते आणि केक दडदडीत होतो. तीस ते पस्तीस मिनिटं लागतात. पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. मधोमध खड्डा पडला तर दार लवकर उघडलं, सोडा जास्त झाला किंवा केक कच्चा राहिला, या तिनांपैकी एक कारण असतं. वर डोंगर होऊन तडा गेला तर उष्णता जास्त झाली. ओटीजीच्या बटणावरचा आकडा बऱ्याचदा दहा-वीस अंशांनी चुकतो, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्या. आणि ओटीजी साध्या प्लगवर लावू नका, त्याला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो.

स्पंज पूर्ण गार झाला की प्लॅस्टिक फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. शिळा करतोय असं वाटू देऊ नका. गार, बसलेला स्पंज सुरीखाली चुरा पाडत नाही. कोमट स्पंजावर क्रीम लावली की ती सुटून खाली घसरणारच.

आता क्रीम. हा व्यवसाय क्रीमवर उभा आहे आणि बहुतेकांचा पहिला महिना इथेच वाया जातो. किराणा दुकानात छोट्या खोक्यात मिळणारी फ्रेश क्रीम साधारण २५ टक्के फॅटची असते. ती कितीही फेटा, उभी राहत नाही, कारण हवा धरून ठेवायला तीस-पस्तीस टक्के तरी फॅट लागतं. केकवाल्यांच्या दुकानातून व्हिपिंग क्रीम आणावी लागते. घरगुती केक करणाऱ्या बहुतेक जणी वनस्पती फॅटची, दुधाची नसलेली व्हिपिंग क्रीम वापरतात, कारण आपल्या उन्हाळ्यात ती दुधाच्या क्रीमपेक्षा जास्त वेळ टिकते. चवीला दुधाची सरस, पण मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला दुधाच्या क्रीमचा केक हातात देणं म्हणजे तो घरी पोचेपर्यंत जीव टांगणीला. गिऱ्हाईकाने विचारलं तर कुठली क्रीम आहे ते खरं सांगा.

ही क्रीम गोठलेली मिळते. आदल्या रात्री डीप फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायची. घाईने पाण्यात ठेवून वितळवली तर बाहेरून पातळ आणि आतून बर्फ राहतो, आणि फेटल्यावर कण दिसतात. एकदा वितळलेली परत गोठवायची नाही. फेटताना ती गार हवी, पण त्यात बर्फाचा कणही नको. स्टीलचं भांडं आणि बीटरच्या काड्या पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. उन्हाळ्यात भांड्याखाली बर्फाची परात. अर्ध्या किलोच्या केकला २०० मिली पातळ क्रीम पुरते. फेटली की ती तिपटीहून जास्त होते. आधी मिनिटभर हळू, मग मध्यम वेगावर. सगळ्यात जोरात कधीच नाही; त्याने मोठाले बुडबुडे शिरतात आणि गुळगुळीत केकवर भोकं दिसतात.

कधी थांबायचं, हे नीट ऐका. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं, की ही लावायची क्रीम. त्यातली निम्मी बाजूला काढा. उरलेली आणखी थोडी फेटा, टोक ताठ उभं राहिलं की ही फुलांची. एकाच भांड्यातली ताठ क्रीम केकला फासायला गेलात तर ती ओढली जाते, रवाळ दिसते. तशी झालीच तर टाकू नका, दोन-तीन चमचे न फेटलेली गार क्रीम घालून उलथन्याने हलकेच कालवा, बरीचशी सुधारते. आणि फ्रीजमध्ये ती घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कापलेला कांदा, लसणाची चटणी, बोंबील, कशाचाही वास क्रीम ओढून घेते. जमलं तर केकसाठी छोटा जुना फ्रीज वेगळाच ठेवा. आमच्या मते पहिली मोठी खरेदी फ्रीजचीच असावी, फुलं काढायच्या टोकांचा महागडा नोझल-सेट नंतर.

स्पंजाचे तीन थर कापा. १०० मिली पाण्यात ५० ग्रॅम साखर उकळून गार केलेला पाक करा, त्यातला ६० ते ८० मिली तिन्ही थरांना मिळून. कडेचा अर्धा इंच कोरडाच ठेवा. सगळ्यात खालच्या थराला कमी, नाहीतर तोच बसतो आणि केक एका बाजूला कलतो. क्रश, म्हणजे फळांचा गोड गर, घालायच्या आधी कडेने क्रीमचं कुंपण काढा, म्हणजे क्रश बाहेर फुगून येत नाही. ताजा अननस थेट क्रीममध्ये कधी घालू नका. त्यातल्या पाचक रसाने दुधाची क्रीम कडवट होते आणि पाणी सोडते. साखरेबरोबर दहा मिनिटं शिजवला की तो त्रास जातो. हापूसच्या फोडी मात्र ताज्याच हव्यात, पण टिपून, आणि केक द्यायच्या दिवशीच.

मग पहिला पातळ लेप, म्हणजे क्रम्ब कोट. अर्धा तास फ्रीजमध्ये. मग दुसरा लेप. स्क्रॅपर, म्हणजे क्रीम सारखी करायची सपाट पट्टी, केकला टेकवून एका जागी स्थिर धरा आणि केकखालचा फिरता पाट, म्हणजे टर्नटेबल, फिरवा. हात फिरवाल तर पट्टे उमटतील. वरची कड बाहेरून मध्याकडे ओढून घ्यायची, दर वेळी सुरी पुसून.

रंग जेलचे घ्या, पातळ नको. गडद लाल आणि काळा क्रीममध्ये ओतून आणायला गेलात तर चव कडू होते आणि पोरांच्या जिभा दिवसभर रंगलेल्या राहतात. रंग दोन-तीन तासांत आपोआप गडद होतो, म्हणून एक छटा कमीच ठेवून थांबा. काळ्यासाठी चॉकलेटच्या क्रीमपासून सुरुवात करा. चमचम पावडर घेताना डबी वाचा. ‘विषारी नाही’ असं लिहिलेलं असणं आणि ती खाण्याची असणं यात फरक आहे. पहिली फक्त शोभेची. फुलवाल्याकडच्या गुलाबांवर फवारणी झालेली असते, त्यांचे देठ केकमध्ये खुपसू नका. आणि लहान मुलांच्या केकमध्ये आधाराला टूथपिक लपवायची नाही, म्हणजे नाहीच.

नाव लिहिणं ही मराठी गिऱ्हाइकासाठी खास गोष्ट आहे, आणि क्लासमध्ये ती फारशी शिकवत नाहीत. ६ इंची केकवर कडेची फुलं काढल्यावर लिहायला मधे जेमतेम १० सेंटिमीटर उरतात. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ तिथे मावत नाही. तीन ओळी केल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांवर आदळतात. नुसतं नाव लिहा, शुभेच्छा वेगळ्या टॅगवर छापलेल्या चालतात. बटर पेपरचा कोन करा, त्यात वितळवलेलं डार्क कंपाऊंड, म्हणजे सजावटीचं गडद चॉकलेट, भरा. करंगळीला कोमट लागलं पाहिजे. गरम असेल तर क्रीममध्ये रुतेल, गार असेल तर तुटेल. आधी टूथपिकने अक्षरांच्या जागा टिंबांनी नेमा, मग अक्षरं काढा आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी. आधी रेष ओढली की शेवटच्या अक्षराला जागा कमी पडते, आणि शेवटी ओढली की अक्षरांची वरची वाकडी टोकं तिच्याखाली झाकली जातात. सराव उलट्या स्टीलच्या ताटावर करा, पुसायचं आणि परत. श्र, ज्ञ, ऋ आणि द्ध या चारांवर जास्त हात फिरवा. आणि नाव फोनवर ऐकून कधी लिहू नका. मिहिर की मिहीर, हे गिऱ्हाइकाकडून लेखी मागवा.

फॉन्डंटबद्दल थोडंसं. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तो घामेजतो. क्रीमवर थेट घातला तर विरघळतो, त्याच्याखाली गनाश लागतो: डार्क चॉकलेट दोन भाग, क्रीम एक भाग. फ्रीजमधून काढल्यावर ओलसर दिसला तर हात लावू नका, पंख्याखाली आपोआप सुकतो. हे काम वर्षभराने घेतलं तरी काही बिघडत नाही.

आता पैसे. भाव गावागणिक वेगळे असतील, तेव्हा आकडे तुमचे घाला, रीत ही ठेवा. समजा स्पंजाचं सामान ३५ रुपये. क्रीम लिटरला २५० धरली तर २०० मिलीचे ५०. क्रश, पाक, रंग २५. बोर्ड, खोकं, मेणबत्ती, सुरी ४०. वीज १५. झाले १६५. सांडलवंड, उरलेली क्रीम, फसलेला स्पंज यासाठी दहा टक्के धरा, म्हणजे साधारण १८०. आता तुमचे हात. ओव्हनचा वेळ सोडून दीड तास जातो. तासाला १०० धरले तर १५०. एकूण ३३०. यावर वीस टक्के यंत्रांची झीज आणि नफा, म्हणजे ४०० च्या आसपास. बहुतेक जणी १८० वरच थांबतात, २५० ला केक देतात आणि ७० सुटले म्हणून खूश होतात. त्या ७० मध्ये दीड तासाची मजुरीसुद्धा निघत नाही, हे वहीत लिहिल्याशिवाय कळत नाही. ओळखीच्यांना सवलत द्यायची तर द्या, पण वहीत पूर्ण किंमत आणि सवलत वेगवेगळी लिहा. घरच्या साखरेच्या डब्यातून केकची साखर घेऊ नका. डबे वेगळे, वही वेगळी, पैशाचं खातंही वेगळं.

कागदपत्रांत पहिलं काम अन्नसुरक्षा नोंदणीचं. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली घरून केक विकणाऱ्यालाही ती लागते. लहान व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. ‘फॉसकॉस’ या सरकारी पोर्टलवर फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा देऊन अर्ज होतो. मिळणारा चौदा आकडी क्रमांक खोक्यावर आणि बिलावर छापा. अंडं घातलेला केक आपल्या नियमांत मांसाहारी धरला जातो. दोन्ही प्रकार करत असाल तर भांडी आणि बीटर वेगळे ठेवा, आणि श्रावणात, चतुर्थीला विचारणाऱ्याला सरळ उत्तर द्या. जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, तेही शाकाहारी नाही, मूसचं (फेसाळ गोड पदार्थाचं) पाकीट वाचून घ्या.

ऑर्डर घेताना तारीख, वेळ, वजन, अंडं की बिनअंड्याचा, नाव आणि सुकामेव्याची कुणाला ॲलर्जी आहे का, एवढं लेखी विचारा. निम्मे पैसे आधी. शनिवारी संध्याकाळी तीन केक जमत असतील तर चौथा नाकारा.

केक पोचवताना खोकं स्कूटरच्या हुकाला अडकवू नका, पाय ठेवायच्या सपाट जागेवर खाली रबरी जाळी घालून ठेवा. गाडीत सीटवरही नको, सीट मागे उतरती असते. पायाशी ठेवा आणि एसी चालू. निघायच्या आधी दोन तास तरी केक फ्रीजमध्ये बसलेला हवा. खोकं हातात देताना झाकण उघडून दाखवा, नाव वाचून घ्यायला सांगा, आणि सांगा की कापायच्या आधी वीस मिनिटंच बाहेर काढा, तोवर फ्रीजमध्ये, कांद्यापासून लांब.