नवी मुंबईचा अभिमान सांगताना

(महाराष्ट्राबाहेरच्या एका मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, नमस्कार.

आपल्या कार्यक्रमांत ‘अभिमान’ हा शब्द भरपूर ऐकू येतो. मराठी असल्याचा अभिमान, लेकीला पदवी मिळाली त्याचा अभिमान. ऐकून मलाही बरं वाटतं. कुणी गर्व केला की आपण लगेच ‘गर्वाचे घर खाली’ म्हणून मोकळे होतो. ताठा, माज हे शब्द तर दूषणं द्यायलाच वापरतो. अभिमानाला मात्र कुणी जाब विचारत नाही. तो विचारायला हवा, असं मला वाटतं, आणि सुरुवात मी माझ्याच गावापासून करतो.

मी नवी मुंबईतल्या नेरूळचा. इथे कुणी गाव विचारलं की मी छाती पुढे काढून सांगतो: आखीवरेखीव शहर, रुंद रस्ते, ऐसपैस स्टेशनं. त्यात २५ डिसेंबर २०२५ पासून विमानतळही सुरू झाला. हा अभिमान खरा आहे, तो सोडायचं मला काही कारण दिसत नाही.

पण हे शहर ओसाड माळावर उभं राहिलेलं नाही. मार्च १९७० मध्ये सिडकोची, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीची, स्थापना झाली, तेव्हा तिथे ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं नांदत होती. आगरी, कोळी, कराडी माणसं भातशेती करत होती, मिठागरं राखत होती, खाडीत मासेमारी करत होती. आमचे सेक्टर त्यांच्याच शेतांवर उभे आहेत. आपण ‘नेरूळ’ म्हणतो तेव्हाही नाव गावाचंच घेतो!

शहरासाठी जमिनी संपादित होऊ लागल्या, तेव्हा या लोकांनी जमिनीची योग्य किंमत मागितली, विकसित जमिनीत वाटा मागितला. त्यांचे नेते होते उरण तालुक्यातल्या जासई गावचे दि. बा. पाटील. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत मिळू लागली. आज ही योजना नवी मुंबईत बहुतेकांना ठाऊक आहे, तिच्यामागचे ते दोन दिवस मात्र फार थोड्यांना.

मला वाटतं, स्वाभिमान म्हणतात तो हाच. मी शहराचा अभिमान बाळगतो, त्यासाठी मला काहीच द्यावं लागलं नाही. आईवडिलांनी घर घेतलं, मी तिथे वाढलो, एवढंच. जासईकरांनी स्वतःचा हक्क मागताना माणसं गमावली.

विमानतळाचंही तसंच. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, काही गावं उठली. जून २०२१ मध्ये भूमिपुत्रांनी विमानतळाला दिबांचं नाव मिळावं म्हणून मानवी साखळी केली, तेव्हा आपल्यापैकी काहींनी ‘नावासाठी एवढं कशाला?’ असं विचारलं होतं. ज्यांची शेतं गेली, घरं गेली, त्यांनी निदान आपल्या माणसाचं नाव मागितलं, यात जास्त ते काय होतं?

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात मुंबई-ठाण्याचा इतिहास शिकवतो, त्यात १९८४ चं जासई यावं. आणि सुट्टीत घरी जाल, तेव्हा मुलांना मॉलबरोबर जासईलाही घेऊन जा. उरणच्या वाटेवरच आहे.