वाफ नसलेल्या इंजिनाचा फोटो

मंडळी, ११ ऑगस्ट १९६८ हा ब्रिटनमधल्या रेल्वेवेड्यांच्या लेखी सुतकाचा दिवस. त्या दिवशी ब्रिटिश रेल्वेने वाफेच्या इंजिनांची शेवटची गाडी लिव्हरपूलहून मँचेस्टरमार्गे कार्लाइलला नेली आणि परत आणली. तिकीट पंधरा गिनी (जुनं ब्रिटिश चलन), त्यामुळे ती गाडी त्याच नावाने ओळखली जाते. वाटेतला एकही पूल, एकही बांध कॅमेऱ्यांवाचून नव्हता. त्यानंतर मुख्य मार्गांवर वाफेला बंदी आली आणि त्या गर्दीतल्या कित्येकांनी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. डिझेलचा कसला फोटो काढायचा? चाकांवर ठेवलेला पत्र्याचा डबा तो!

मला आज बोलायचं आहे ते ज्यांनी कॅमेरा कपाटात ठेवला नाही त्यांच्याबद्दल. वाफेचं इंजिन अर्धा फोटो स्वतःच काढून देतं. धूर आहे, वाफ आहे, फिरणारे दांडे आहेत, भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन आहे. डिझेल तुम्हाला यातलं काहीही देत नाही. ते समोरून येतं आणि निघून जातं. मग फोटोत जे काही असेल ते छायाचित्रकारालाच शोधून आणावं लागतं: उजेड, जागा, ऋतू, गाडीचं काम. म्हणून मी म्हणते की ब्रिटनमधली रेल्वेची छायाचित्रकला डिझेलमुळे शहाणी झाली. हे विधान तिथल्या जुन्या मंडळींसमोर केलं तर चहा मिळणार नाही, इथे चालेल.

आधी त्या ठेवून दिलेल्या कॅमेऱ्यांची किंमत सांगते. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेत ब्रिटिश रेल्वेने अनेक कारखान्यांकडून निरनिराळ्या जातीची डिझेल इंजिनं मागवली. पुरेशी चाचणी व्हायच्या आत पुढच्या मागण्या गेल्या. परिणाम व्हायचा तोच झाला. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची वीस इंजिनं आली, त्यांना एका टोकाला सहा चाकं आणि दुसऱ्या टोकाला चार. त्यांतलं एकच आज शिल्लक आहे. क्लेटनची ११७ इंजिनं १९६२ ते १९६५ दरम्यान बांधली आणि १९७१ संपेपर्यंत सगळी सेवेतून काढली. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीची ५८ हायड्रॉलिक (यंत्राची ताकद विजेऐवजी द्रवामार्फत चाकांना देणारी) इंजिनं इंग्लंडच्या नैर्ऋत्येला धावली आणि एकूण एक भंगारात गेली. कंपनी तर त्याआधीच, १९६२ मध्ये, बुडाली होती. ‘बेबी डेल्टिक’ नावाची दहा होती, त्यांतलंही एक उरलं नाही.

हे सगळं चाललं होतं तेव्हा कॅमेरे कुठे होते? वायव्य इंग्लंडातल्या लँकेशरमध्ये, शेवटच्या वाफेच्या मागे. वर्षानुवर्षं धावलेल्या इंजिनाचे हजारो फोटो, आणि जेमतेम दहा वर्षं जगलेल्या इंजिनाकडे पाठ. आज इंग्लंडमधल्या बॅरो हिल इथे काही हौशी लोक क्लास ३७ या दुसऱ्या जातीच्या एका डिझेल इंजिनाला कापून-जोडून त्यातून बेबी डेल्टिक पुन्हा उभं करताहेत. अशा कामात नकाशे असले तरी छपराचा एखादा सरळ, कंटाळवाणा फोटो सोन्याच्या मोलाचा ठरतो. तसा फोटो १९६३ मध्ये काढायचं कोणाच्या मनातही आलं नसणार.

आता कॅमेऱ्याकडे येऊ, कारण तुमच्यातले निम्मे त्यासाठीच आलेत.

पहिली गोष्ट रंग. १९६५ च्या सुमारास ब्रिटिश रेल्वेने निळा रंग घेतला आणि पुढे इंजिनाचं अख्खं तोंड पिवळं केलं. कारण साधं होतं. वाफेचं इंजिन लांबून ऐकू यायचं, धुरामुळे दिसायचं. डिझेल रुळांवर काम करणाऱ्या माणसांच्या त्या मानाने गुपचूप जवळ यायचं. म्हणून पिवळा इशारा. पण छायाचित्रकाराला त्यामुळे एक भेटच मिळाली आणि एक डोकेदुखीही. कृष्णधवल फिल्मवर तो निळा रंग मेलेला करडा दिसतो. डिझेलला रंगीत फिल्मच लागते. आणि रंगीत फिल्मवर, ऊन समोरून पडलं की पिवळं तोंड जळून पांढरं पडतं, तर सावलीतली निळी बाजू काळी होते. एकाच इंजिनात दोन टोकांचे उजेड. म्हणून तिथल्या लोकांनी एक कोन पक्का केला: सूर्य पाठीशी, थोडा बाजूला, म्हणजे तोंड आणि कड दोन्ही उजळतात. तिरका, तीन-चतुर्थांश फोटो. पुढे पुढे याचा अतिरेक झाला आणि हजारो फोटो एका साच्यातून काढल्यासारखे दिसू लागले, हेही खरं.

दुसरी गोष्ट वेग. त्या काळातली लाडकी फिल्म कोडाक्रोम, २५ किंवा ६४ एएसए. आजचा मोबाइल हसेल अशी संवेदनशीलता. लख्ख उन्हात ६४ च्या फिल्मवर सेकंदाचा पाचशेवा भाग आणि एफ ५.६ (लेन्सच्या उघडीपीचा आकडा, जितका लहान तितकं भोक मोठं), एवढंच हातात. २५ वर तर एफ ४ च्याही पुढे उघडावं लागायचं. ताशी १०० मैलांनी, म्हणजे १६० किलोमीटरने, येणारी गाडी सेकंदाच्या पाचशेव्या भागात नऊ सेंटीमीटर पुढे सरकते. बाजूने फोटो काढला तर क्रमांकाची पाटी पुसली जाणार. समोरून तिरका काढला तर तेच सरकणं फिल्मवर फारसं जाणवत नाही. म्हणजे तो तीन-चतुर्थांश कोन फक्त सौंदर्यासाठी नव्हता, त्यात गणितही होतं. आणि हे सगळं ऊन असेल तर. ढग आला की दोन-तीन स्टॉप गेले (दर स्टॉपला उजेड निम्मा), आणि ब्रिटनमध्ये ढग येतोच.

पण तिथल्या उन्हाला एक गुण आहे, तो आपल्याकडे मिळत नाही. डिसेंबरात लंडनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून पंधरा अंशांवर असतो. पुण्यात त्याच दिवशी अठ्ठेचाळीसवर. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बारा वाजता इंजिनाचा फोटो काढा: छप्पर पांढरंफटक आणि चाकं काळोखात. तिकडे हिवाळ्यात दिवसभर आडवा उजेड चाकांपर्यंत, चाकांच्या सांगाड्यातल्या स्प्रिंगांपर्यंत पोचतो. मी नोकरीसाठी डर्बीला होते तेव्हा जानेवारीतल्या एखाद्या निरभ्र रविवारी सगळे सहकारी रजई ओढून झोपलेले असायचे आणि मी फलाटाच्या टोकाला. बोटं बधिर व्हायची, पण तो उजेड!

आणखी एक मजेशीर गोष्ट. १९७६ च्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश इंजिनांच्या तोंडावर चार अक्षर-आकड्यांचा गाडीचा संकेत असायचा. पहिला आकडा गाडीचा प्रकार सांगायचा, एक म्हणजे एक्स्प्रेस. मग गाडी कुठल्या भागात जाणार ते सांगणारं अक्षर, मग दोन आकडे. त्यामुळे जुन्या स्लाइडवरून ती गाडी नेमकी कोणती हे आजही शोधता येतं. ही पद्धत बंद झाल्यावर ‘वेस्टर्न’ जातीच्या इंजिनांनी त्या खिडकीत स्वतःचाच क्रमांक लावून मिरवायला सुरुवात केली. ७४ वेस्टर्न होती, हायड्रॉलिक, स्विंडन आणि क्रू इथे बांधलेली. शेवटची २६ फेब्रुवारी १९७७ ला निरोपाच्या गाडीवर धावली. तोवर लोकांना अक्कल आली होती. वाफेसाठी जशी गर्दी झाली तशीच या डिझेलसाठी झाली.

आणि डेल्टिक. यावर मी थोडी रेंगाळणार, माफ करा. फक्त बावीस इंजिनं, १९६१-६२ ची. प्रत्येकात नेपियर कंपनीची दोन यंत्रं, मुळात आरमाराच्या वेगवान बोटींसाठी घडवलेली. त्रिकोणात मांडलेले अठरा सिलिंडर, प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन. मिळून ३३०० अश्वशक्ती. नावं शर्यतीच्या घोड्यांची आणि पलटणींची. हे इंजिन लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनात गाडी लावून उभं राहिलं की धुराड्याच्या वाटेत तेल साचायचं. सिग्नल पडला, ड्रायव्हरने यंत्राला ताण दिला, की ते साचलेलं तेल जळून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि गाडी त्यातून समोरच्या गॅसवर्क्स बोगद्यात शिरायची. म्हणजे वाफेच्या भक्तांना हवा असलेला धूर इथेही होता, फक्त तो कधी उठणार हे माहीत असायला हवं होतं. किंग्ज क्रॉसच्या फलाटाच्या टोकाला वर्षानुवर्षं पोरं उभी राहिली ती या दहा-पंधरा सेकंदांसाठी.

२ जानेवारी १९८२ ला डेल्टिकची शेवटची गाडी लंडनहून एडिंबराला गेली आणि परतली. जाताना ‘टुल्यार’, येताना ‘रॉयल स्कॉट्स ग्रे’. परतीचा बराच प्रवास अंधारात, तरी किंग्ज क्रॉसचे फलाट ओसंडून वाहत होते. सहा डेल्टिक आज जतन केलेली आहेत.

जागांबद्दल बोलायचं तर डॉलिशचं नाव घ्यावंच लागेल. डेव्हनमधली समुद्रकाठची भिंत, एका बाजूला लाल खडक, दुसऱ्या बाजूला लाटा, मध्ये रूळ आणि रुळांना लागून चालायची वाट. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रुनेल या इंजिनियरने हा मार्ग इतका समुद्रात नेला की फेब्रुवारी २०१४ च्या वादळात भिंतच फुटली आणि रूळ हवेत लोंबकळले. दोन महिने वाहतूक बंद होती. तिथे एक गंमत व्हायची. छपरावर विजेची उपकरणं असलेल्या नव्या ‘व्हॉयेजर’ गाड्या लाटेचं खारं पाणी अंगावर आलं की बंद पडायच्या, आणि १९७६ पासूनच्या हायस्पीड गाड्या त्याच लाटांतून निघून जायच्या. उंच लाट आणि गाडी एका चौकटीत पकडायला लोक वादळाचा अंदाज बघून तिथे जायचे. आता भिंत नवी आहे, उंच आहे.

पण मला विचाराल तर खरे फोटो कोळशाच्या गाड्यांचे. खाणीतून वीजकेंद्राकडे, न थांबता, चालत्या गाडीतूनच कोळसा खाली. मागे धुक्यातले कूलिंग टॉवर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी या गाड्यांवर क्लास ६६ ही डिझेल इंजिनांची जात आली, कॅनडातून बांधून आणलेली, शेकड्यांनी. छपराच्या आकारामुळे लोकांनी तिला बागेतली ‘शेड’ म्हणायला सुरुवात केली आणि पुन्हा तेच: सगळ्या सारख्या, काय फोटो काढायचा! आपल्याकडच्यांना सांगायची गोष्ट म्हणजे तिचं यंत्र ईएमडी या अमेरिकन कंपनीच्या ७१० मालिकेतलं, बारा सिलिंडरचं. कोकण रेल्वेवर तुम्ही ऐकलेल्या डब्ल्यूडीजी-४ या डिझेल इंजिनाचं त्याच घराण्यातलं, सोळा सिलिंडरचं. त्यामुळे इंग्लंडातल्या एखाद्या खेड्याच्या पुलावर मला रत्नागिरीचा आवाज ऐकू आला, यात नवल नाही. आता कोळसा संपला. रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनचं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद झालं. तिथल्या आठ टॉवरांसमोरून रोज जाणारी ती ‘कंटाळवाणी’ गाडी ज्यांनी टिपली, त्यांच्याकडे आज एका अख्ख्या उद्योगाचा अल्बम आहे.

आता कोणी जाणार असेल तर थोडं कामाचं. ब्रिटनमध्ये फलाटावरून फोटो काढायला सहसा कोणी हरकत घेत नाही. फ्लॅश चालत नाही, ड्रायव्हरचे डोळे दिपतात. मध्यंतरी दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम ४४ खाली पोलीस संशय नसतानाही कोणाचीही झडती घेऊ शकत होते, आणि त्यात कॅमेरेवालेही अडवले जायचे. २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले आणि पुढे ते कलम गेलं.

खरी अडचण झाडांची आहे. वाफेच्या काळात ठिणग्यांनी वणवा पेटू नये म्हणून रुळांकडेचं गवत-झुडूप सतत कापलं जायचं. डिझेल आलं, भीती गेली, कापणं थांबलं. पन्नासच्या दशकातल्या फोटोंत जे बांध बोडके दिसतात तिथे आज रान माजलंय. त्यात खासगीकरणानंतरची उंच लोखंडी कुंपणं. म्हणून तिथला मुरलेला माणूस गाडीच्या डिकीत घडीची शिडी ठेवतो. मालगाड्यांच्या वेळा इंटरनेटवर पाहता येतात, पण माल लवकर भरला तर गाडी वेळेच्या बरीच आधी सुटते, तेव्हा अर्धा तास अगोदर पोचा.