रीसेटच्या आधी

मोठा ब्रेकर पडला, म्हणजे वीज तोडून बंद झाला, आणि पॅनेलचं दार उघडलं, की पहिली नजर जाते ती मोठ्या बटणांवर आणि स्प्रिंग चार्ज करायच्या हॅन्डलवर. आपल्याला बघायचंय ते छोटं युनिट. ट्रिप युनिट, म्हणजे ब्रेकर कधी पाडायचा ते ठरवणारा भाग; पॅनेलवर काम करणारे त्याला 'रिलीज' म्हणतात. आता जवळून बघा. एक बारीकसा दिवा पेटलाय. ब्रेकर कशावर पडला, ते त्याच्यावरून कळतं. आणि त्याच्या अगदी शेजारी तो दिवा विझवणारं रीसेटचं बटण. घाईतला हात नेमका तिकडेच जातो.

ब्रेकरच्या आत प्रत्येक फेजवर करंट मोजणारी कॉइल असते. तिचा आकडा युनिट सेटिंगशी सतत ताडून बघतं आणि मर्यादा ओलांडली की ब्रेकर पाडणाऱ्या ट्रिप कॉइलला इशारा देतं. बहुतेक युनिट यासाठी लागणारी वीजही त्याच करंटमधून घेतात. पण ब्रेकर पडला, की करंट गेला. मग दिवा पेटता राहतो तो आतल्या छोट्या बॅटरीवर. म्हणून एकही दिवा दिसला नाही, तर आधी बॅटरीची टेस्ट दाबा.

आता दिव्यांची अक्षरं. एल म्हणजे ओव्हरलोड. यात करंट दुप्पट झाला, की ट्रिपचा वेळ साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. ही गरमी युनिट काही काळ लक्षातही ठेवतं. लगेच पुन्हा लोड टाकला, तर ब्रेकर आधीपेक्षा लवकर पडतो, आणि लोक म्हणतात, 'ब्रेकरच खराब आहे.' बहुतेक वेळा तो बिचारा बरोबर असतो.

एस म्हणजे मोठा फॉल्ट, पण मुद्दाम थांबून तोडलेला. थांबायचं सेकंदाचा एखादा दशांश, फॉल्टजवळच्या खालच्या ब्रेकरला आधी तोडायची संधी मिळावी म्हणून. इनकमरवर, म्हणजे पॅनेलला वीज आणणाऱ्या मुख्य ब्रेकरवर, एस पेटला, तर फॉल्ट शोधालच. पण खालचा ब्रेकर गप्प का बसला, हेही विचारा. आय म्हणजे थेट शॉर्टसर्किट, क्षणाचीही उसंत नाही. पुष्कळ युनिटांवर या दोघांना मिळून एकच दिवा असतो.

जी म्हणजे अर्थ फॉल्ट. तिन्ही फेज आणि न्यूट्रलच्या करंटची बेरीज शून्य यायला हवी. नाही आली, तर उरलेला करंट जमिनीत जातोय. स्क्रीनवरची नोंद बघा: फेजचे आकडे बऱ्याचदा जवळजवळ नेहमीसारखे. एवढेच बघणारा इथे हमखास फसतो.

बॅटरी चांगली, तरी दिवा नाही? मग शंट ट्रिपने (बाहेरून आलेल्या इशाऱ्यावर पाडणारी कॉइल) किंवा अंडरव्होल्टेज कॉइलने (व्होल्टेज घसरलं की पाडणारी) ब्रेकर पाडला असेल, नाहीतर कुणी हाताने बंद केला असेल. अशा वेळी केबल उकरत बसू नका, कंट्रोल वायरिंग बघा.

फॉल्ट तसाच ठेवून ब्रेकर चढवला, तर बसबार, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्या, जळतात, समोरचा माणूस भाजतो.

क्रम असा: आधी दिव्याचा आणि स्क्रीनचा फोटो, मग सेटिंगची नोंद. त्यानंतर सप्लाय तोडून, लॉक लावून केबलला मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारं यंत्र. रीसेट सगळ्यात शेवटी. ब्रेकरलाच मेगर लावायचा असेल, तर आधी मॅन्युअल उघडा. काही युनिटांचा रेटिंग प्लग (करंटची रेंज ठरवणारा छोटा प्लग) किंवा व्होल्टेजच्या जोडण्या त्याआधी काढाव्या लागतात. नाहीतर ज्यात ही सगळी नोंद आहे, ते युनिटच मेगरने जाईल.