सकाळी मूठ वळत नाही

(दृश्य : पलंगाच्या कडेवर बसलेली व्यक्ती. बोटं मिटायचा प्रयत्न.)

उठल्यावर मूठ वळत नाही. बोटांची मुळं सुजलेली. बाटलीचं झाकण उघडायलाही कुणाला तरी हाक मारावी लागते. हात मोकळे व्हायला तास-दीड तास जातो. नुसत्या झिजेच्या संधिवातात हा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सुजेच्या संधिवातात तो सुटता सुटत नाही. बसून राहिलं की वाढतो, हालचालीनं उतरतो. ‘वय झालं’ म्हणून हे अंगावर काढू नका. तिशी-चाळिशीतही हा आजार गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पट अधिक.

(दृश्य : सांध्याचा आतला भाग.)

सांध्याला आतून एक अस्तर असतं, जेमतेम एक-दोन पेशींच्या जाडीचं. वंगण पुरवणं हे त्याचं काम. शरीराची प्रतिकारशक्ती या अस्तरावरच उलटते. ते सुजतं, जाड होतं, कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरावर, पसरतं आणि कडेनं हाड कुरतडू लागतं. हाडाची ती झीज सहसा भरून येत नाही, म्हणून पहिले काही महिने सर्वांत मोलाचे.

सापडणारे सांधे : बोटांची मुळं, मधली पेरं, मनगटं, चवडे. बहुतेकदा दोन्ही बाजूंना. नखांजवळची पेरं सहसा वाचतात. पण हा रोग सांध्यांपुरता राहत नाही. रक्त कमी होतं, डोळे कोरडे पडतात, फुफ्फुसं आणि हृदयही सापडू शकतात. मानेचे वरचे मणके सैल झालेले असू शकतात, त्यामुळे कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना आजाराची कल्पना द्यायलाच हवी. आणि या आजाराची रक्ततपासणी, आरए फॅक्टर, निगेटिव्ह आली म्हणजे आजार नाही, असंही नव्हे.

(दृश्य : कॅलेंडर. एकाच वारावर खूण.)

मेथोट्रेक्सेट हे यातलं मुख्य औषध. आठवड्यातून एकदाच! रोजची गोळी समजून रोज घेतली की तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी घसरतात, जिवावर बेततं. चिठ्ठीवर वार लिहून घ्या. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक अंतरानं रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या. गर्भधारणेचा विचार असेल तर तो आधीच बोला. या औषधावर गर्भ राहणं धोक्याचं.

गुण यायला 6 ते 12 आठवडे लागतात. इथेच अनेकांचा धीर सुटतो आणि ते नुसत्या वेदनाशामकांवर येतात. वेदनाशामक दुखणं दाबतं, कुरतडणं नाही. मात्र उपचार चालू असताना तोंड आलं, ताप भरला, कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.