बोटीवरून खारपाणपट्ट्यात

अध्यक्ष महोदय आणि ग्रामस्थ बंधुभगिनींनो,

गेली सहा वर्षे मी आणि माझी पत्नी ज्या शिडाच्या बोटीवर राहतो, ती आज मलेशियातील लंकावी बेटावर, बोटी दुरुस्तीच्या आवारात, लोखंडी टेकूंवर उभी आहे. हे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे ६ अंशांवर आहे आणि इतक्या जवळ चक्रीवादळे सहसा तयार होत नाहीत, म्हणून पावसाळ्यात बोट तेथे सोडून गावी येण्याचे धाडस करता येते. तरीही बोट हेच घर असले म्हणजे त्या घराला कुलूप लावण्यातच आठ-दहा दिवस जातात. शिडे उतरवून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून आत ठेवावी लागतात. थोडी जरी ओल राहिली तरी दमट हवेत त्यांना बुरशी चढते.

सर्वांत शेवटी येते ते पाणी गोडे करणारे यंत्र. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी हवेच्या दाबाच्या ५० ते ६० पट दाबाने एका पातळ पडद्यावर ढकलले की पलीकडे गोड्या पाण्याची बारीक धार लागते. हा पडदा काही महिने तसाच पडून राहिला तर त्यावर जंतू वाढून तो निकामी होतो, म्हणून तो औषधी द्रावणात भिजवून ठेवला आणि मगच आम्ही निघालो.

मुंबईहून रेल्वेने बडनेरा आणि तेथून एसटीने गावी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तोंड धुताना माय माझ्याकडे बघत होती. ती म्हणाली, "काहून रे, पान्यावर रायतं अन् तांब्याभर पान्यात तोंड धुतं?" मी तिला सांगितले, की बोटीवर आम्हां दोघांना दिवसाकाठी वीस लिटर गोडे पाणी पुरते. त्यावर ती काही बोलली नाही. तिने हंड्यातले पाणी ओगराळ्याने रांजणात ओतले आणि एकही थेंब खाली पडू दिला नाही. ते ओगराळे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामागचा हिशेब मात्र मला या भेटीत प्रथमच कळला.

आपण पूर्णेच्या खोऱ्यात राहतो. आपल्या विहिरींना पाणी आहे, पण ते खारे आहे. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि चहा बेचव होतो. शहानूर धरणाच्या योजनेचे पाणी आले तर गोडे, नाही तर आरओच्या केंद्रावरून विकतची कॅन. हे आरओ यंत्र म्हणजे माझ्या बोटीवरच्या यंत्राचेच भावंड आहे, आणि नेमके म्हणूनच मला येथे काही बोलावेसे वाटते.

असे यंत्र पाण्यातले क्षार नाहीसे करत नाही, ते बाजूला काढते. थोडे पाणी गोडे होते आणि उरलेले आधीपेक्षा अधिक खारे होऊन बाहेर पडते. माझ्या बोटीतून ते समुद्रात जाते, आणि समुद्राला त्याचे काही वाटत नाही. आपल्या गावात ते नालीत जाते, नालीतून काळ्या जमिनीत मुरते, आणि जी जमीन आधीच क्षारांनी भारलेली आहे तिच्याच पदरात परत पडते. मी यंत्राच्या विरोधात नाही, त्याने मला वर्षानुवर्षे पाणी पाजले आहे. पण बोटीवर राहणारा माणूस ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. ढग दिसले की तो आधी ताडपत्री ताणतो.

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर छपरावर पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. आमच्या घराचे टिनाचे छप्पर मी टेपने मोजले. ते ५० चौरस मीटर भरले. पावसाळ्यात ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ३५,००० लिटर. त्यातील तिसरा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी चार माणसांचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे, रोज २० लिटरप्रमाणे वर्षाचे ७,३०० लिटर त्यातून सहज निघतात. खर्च आहे तो पन्हळ आणि झाकणाच्या टाकीचा. पहिल्या सरींचे पाणी मात्र छप्पर धुऊन जाऊ द्यावे लागते, आणि पिण्याआधी पाणी गाळून उकळावे लागते.

पन्हळ मी स्वतः बसवली. मृगात दोन सरी मी वाहून जाऊ दिल्या, तेव्हा माय दारात उभी राहून हळहळत होती. तिसऱ्या पावसाचे पाणी टाकीत उतरले. तिने ते ओंजळीत घेऊन चाखले, ओगराळ्याने पातेल्यात घेतले आणि तूरडाळ चुलीवर चढवली. ती डाळ घोटावी लागली नाही.